हनोखमामाचे पाय

"वैजू, ह्या माणसाला पाय नाहीत," दत्तूकाका माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"आहेत हो. फोटोत आले नाहीत, एवढंच."

"मग ग्रुपमध्ये उभा कसा करणार?"

"ते माझ्यावर सोडा. तुम्ही निघा आधी. तिकडे नवरदेव बोहल्यावर चढेल आणि तुम्ही इथे पाय शोधत बसाल."

दत्तूकाकांनी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "आणि ती खुर्ची तशीच ठेव हं. खोडून टाकू नकोस. मध्ये येतेय, सरकवू का, असं मी विचारलं होतं त्यांना. नको म्हणाले. तिच्यावर कुणी बसत नाही म्हणे."

"बरं बरं," मी म्हणाले. ऐकलं मी सगळं, पण माझ्या सोयीचं होतं तेवढंच डोक्यात शिरलं. ही माझी जन्माची खोड आहे.

ही गोष्ट २००८ सालच्या जानेवारीतली. अलिबागच्या बाजारात दत्तूकाकांचा फोटो स्टुडिओ होता. फोटो ते काढायचे आणि कॉम्प्युटरवर अल्बमची पानं मी मांडायची. मी चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. त्याला कारणही होतं. मिटलेले डोळे मी उघडायची, सुटलेली पोटं आत घ्यायची, टकलावर केस उगवायची. आखातात अडकलेल्या भावाला मी बहिणीच्या हळदीत आणून उभं केलं होतं. एका घरातल्या वारलेल्या सासऱ्यांना तर मी तीन बारशांना हजर केलं होतं, तेही दर वेळी वेगळ्या सदऱ्यात! अख्ख्या बाजारात मला 'डोकी बदलणारी वैजू' म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं.

त्या आठवड्यात माझ्याकडे मिल्काबाई झिराडकरांच्या नातवाचा, एझराचा, अल्बम होता. मिल्काबाई इस्रायल आळीतल्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल यहुदी. त्यांच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याची बार मित्झ्वा करतात. सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर तो त्यांचा धर्मग्रंथ, तोरा, वाचतो आणि त्या दिवसापासून धर्माच्या कामात मोठा माणूस धरला जातो. "आपली मुंज असते ना, तसं काहीसं," असं दत्तूकाकांनी मला समजावलं होतं, आणि मीही तेवढ्यावर सगळं समजले होते. कार्यक्रम गुरुवारी ठेवला होता, कारण शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र वार, त्या दिवशी तिथे कॅमेरा चालत नाही.

पहिल्यांदा पानं बघायला मिल्काबाई आल्या तेव्हाच त्यांनी माझी उतरवली. वय चौऱ्याहत्तर, अंगावर फिकट पातळ, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

"हे बदक कुणाचं?"

"आजी, राजहंस आहेत ते. डिझाइन असतं."

"एझरानं तोरा वाचली बाय, तलावात पोहला नाही. काढ ते. आणि हे कोपऱ्यात सोनेरी काय लिहिलंय?"

मी बघितलं आणि जीभ चावली. लग्नाच्या अल्बमचं डिझाइन उचलून मी तसंच वापरलं होतं आणि कोपऱ्यात 'शुभविवाह' राहून गेलं होतं.

"तेरा वर्षांच्या पोराचं लग्न लावून मोकळी झालीस!" मिल्काबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरचा चपलांचा दुकानदार डोकावून गेला. "वैजू, मी छापायच्या आधी प्रत्येक गोष्ट तीनदा बघते. तू कितीही लपव."

दोन दिवस त्या माझ्याजवळ बसून राहिल्या. खांद्यावर पांढरी शाल घेतलेला एझरा, चांदीच्या काडीनं एकेक ओळ दाखवत वाचणारा एझरा. वाचन संपल्यावर बायका त्याच्यावर गोळ्या-चॉकलेटं उधळत होत्या, आणि एक लिमलेटची गोळी चुकवताना त्याचं तोंड असं काही वाकडं झालं होतं की मी तो फोटो बाजूलाच काढला होता. मिल्काबाईंनी तो मोठा करून पूर्ण पानभर लावायला सांगितला. "मोठा माणूस झाला म्हणतात तो हा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. "आता शेवटचं काम. हे नीट झालं नाही तर बाकीचा अल्बम मला नको."

पाकिटात एका म्हाताऱ्याचा फोटो होता. कुठल्याशा लग्नात जेवणाच्या टेबलामागे उभा, डोक्याला गोल टोपी, नाक थेट मिल्काबाईंचं. पोटाच्या खाली टेबल आणि सॅलडची वाडगी.

"हा माझा धाकटा भाऊ. हनोख. इस्रायलला असतो, अश्दोदला. भाचीनं चोरून पाठवलाय फोटो."

"चोरून कशाला?"

"रुसलाय. अठरा वर्षं झाली." मिल्काबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "ज्योएलच्या लग्नाला आला होता. एझराच्या बापाच्या. नवा सूट शिवून, सगळ्यांना कपडे घेऊन आला. आल्या आल्या लग्नाची पत्रिका हातात घेतली. काका आहे, आत्या आहे, शेजारीपाजारीसुद्धा आहेत. छापखान्यात एक ओळ राहिली होती, आणि ती नेमकी मामाची. सख्ख्या मामाची गो! आणि प्रूफ मी वाचलं होतं. घाईत, चुलीशी उभं राहून वाचलं होतं."

"मग?"

"मग काय. लग्न लागेपर्यंत उभा राहिला. जेवला नाही. संध्याकाळच्या लाँचनं गेला. तेव्हापासून दर नव्या वर्षाला मी फोन करते. वहिनी उचलते. म्हणते, ते अंघोळीला गेलेत. अठरा वर्षं हा माणूस अंघोळच करतोय! ह्या वेळी सांगितलं, एझराची बार मित्झ्वा आहे रे बाबा, ये. तर परत अंघोळ."

मला हसू आलं, पण त्यांचं तोंड बघून मी ते गिळलं.

"मी चौऱ्याहत्तरची, तो अडुसष्टचा," त्या म्हणाल्या. "मला त्याला एकदा बघायचंय वैजू. डोळ्यांसमोर. तू त्याला आमच्या ग्रुप फोटोत घाल. एका कडेला, ज्योएलच्या मागे. नुसतं डोकं दिसलं तरी चालेल. अल्बम उघडल्यावर त्याला कळू दे की ह्या वेळी त्याला कुणी वगळलं नाही."

त्या गेल्या, आणि मी कामाला लागले. पण ज्योएल सहा फुटी आणि हनोखमामा त्याच्या कानापर्यंत. मागे उभा केला की ज्योएलच्या खांद्यातून मामा उगवल्यासारखा दिसायचा. वर केला तर टोपी झुंबराला लागायची. डावीकडे घेतला तर कुणाच्या तरी काकूचा अंबाडा मध्ये. दत्तूकाका पायांबद्दल बोलून गेले ते ह्याच वेळी.

आणि मग माझं लक्ष त्या खुर्चीकडे गेलं.

पुढच्या रांगेत, एझराच्या अगदी शेजारी, उंच पाठीची, नक्षीदार, लाल मखमल टाकलेली खुर्ची होती. सगळे दाटीवाटीनं उभे, म्हाताऱ्या बायकासुद्धा उभ्या, आणि ती रिकामी. तिच्यावर कुणी बसत नाही, काकाच म्हणाले होते. बसतील कसे? रुसलेल्या मामाची जागा राखून ठेवलीये! माझे डोळेच भरून आले. किती मायेची माणसं, आणि आपण त्याला कडेला काय उभं करतोय!

बसवायचं म्हटल्यावर पाय आलेच. महिन्यापूर्वी शाळेच्या खोत सरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम आम्ही केला होता. सर स्टेजवर अशाच खुर्चीत, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून बसले होते. मी त्यांना कमरेपासून उचललं आणि हनोखमामाला जोडलं. सावली दिली, मखमलीला चुणी पाडली. काय सांगू, पट्टीचं काम झालं होतं! खोत सरांच्या बायकोनं बघितलं असतं तरी ओळखलं नसतं.

रविवारी सकाळी मिल्काबाई आल्या. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

त्यांनी चष्मा लावला आणि नाक स्क्रीनला टेकेल इतकं पुढे नेलं.

"बूट कुणाचे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"खोत सरांचे."

"पॉलिश चांगलं आहे." मग म्हणाल्या, "हे तू तुझ्या मनानं केलंस?"

"हो. आवडलं नाही का?"

"दत्तारामनं बघितलं?"

"नाही, ते लग्नांत अडकलेत."

"ज्योएलनं?"

"त्यांना दुकानातून वेळ कुठे असतो?"

मिल्काबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि परत लावून बघितलं. "छाप," त्या म्हणाल्या. "दोन प्रती. एक आधी कर. आमच्या आळीतली लिआबाई पुढच्या मंगळवारी लेकीकडे अश्दोदला चाललीये, तिच्याबरोबर जायला पाहिजे."

पायरी उतरता उतरता त्या परत आल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग घरी जायचं सोडून त्यांनी रस्त्यात रिक्षा थांबवली. "खंडाळ्याला चल रे, टाप्यावर," असं रिक्षावाल्याला सांगताना मी ऐकलं. खंडाळे गावाजवळ एक मोठा खडक आहे, आळीतली माणसं तिथे नवस बोलायला आणि फेडायला जातात. नातवाचा काहीतरी नवस असेल, असं मी धरून चालले.

पहिली प्रत लिआबाईंच्या बॅगेतून गेली. दुसरी यायला लग्नसराईमुळे आणखी आठ दिवस लागले. ती ज्योएलच्या हातात पडली त्या दिवशी अकरा वाजता तो औषधांचं दुकान उघडं टाकून आमच्याकडे आला. हा माणूस एरवी इतका हळू बोलायचा की गोळ्या दिवसातून किती वेळा घ्यायच्या ते दोनदा विचारावं लागे. त्या दिवशी त्याचा आवाज मासळी बाजारापर्यंत गेला असेल.

"हे कुणी केलं?" अल्बम काउंटरवर आपटून तो म्हणाला. "नबीच्या खुर्चीत मामाला कुणी बसवलं?"

"कुणाच्या?" मी म्हणाले.

"एलियाहू हन्नाबीच्या! आमचा प्रेषित आहे तो. आमच्या सिनेगॉगमध्ये त्याची खुर्ची असते. सुंतेच्या दिवशी आठ दिवसांच्या बाळाला तिच्यावर क्षणभर ठेवतात, आशीर्वादासाठी. त्यानंतर जन्मभर कुणी तिथे टेकत नाही. आम्ही येता-जाता हात लावून डोळ्यांना लावतो त्या खुर्चीला! आणि तुम्ही त्याला बूट घालून बसवलंत!"

"तुला मी सांगितलं होतं ना!" दत्तूकाका माझ्यावर कडाडले. "कुणी बसत नाही, असं सांगितलं होतं की नाही?"

"मी आजींना दाखवलं होतं," मी म्हणाले. "त्या म्हणाल्या छाप."

मिल्काबाई ज्योएलच्या मागून धापा टाकत आल्याच होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! मला कुठे धड दिसतंय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला आपलं हनोखचं तोंड दिसलं, म्हटलं छाप."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बुटांचं पॉलिश दिसलेली बाई ही! माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तिच्या मुलासमोर खोटं कसं पाडायचं?

"ती पहिली प्रत कुठाय?" ज्योएलनं विचारलं.

"गेली. लिआबाईबरोबर."

ज्योएल पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर मटकन बसला. "संपलं," तो म्हणाला. "पत्रिकेत नाव नाही म्हणून अठरा वर्षं. आता तर त्याला वाटणार, आम्ही त्याची थट्टा केली. तो काही आता अंघोळीतून बाहेर येत नाही."

दत्तूकाकांनी दुसरी प्रत फुकट नव्यानं करून द्यायचं कबूल केलं आणि माझ्याकडून अल्बम काढून घेतले. मी पासपोर्ट फोटो कापायचे. निळी पार्श्वभूमी, पांढरी पार्श्वभूमी, कान दिसले पाहिजेत. मला रडू यायचं ते अल्बमसाठी नाही. मी त्या बाईचा भाऊ कायमचा घालवला, ह्याचं यायचं. आणि तिनं मला एकटीला पुढे ढकललं, ह्याचा संतापही यायचा. दोन्ही एकदम येत होतं, त्यामुळे मी दिवसभर कात्रीनं कचाकचा कापत बसायची.

तीन आठवडे गेले. एका सकाळी मी एका पोलिसाचे कान मोकळे करत होते, तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. हातात चाकांची बॅग, डोक्याला गोल टोपी, काखेत माझा अल्बम. मी त्याला लगेच ओळखलं. का नाही ओळखणार, त्याच्या कानाभोवतीचा एकेक केस मी सोडवला होता.

"ती पोरगी कोण?" तो अस्सल अलिबागी मराठीत गरजला. "मला नबीच्या खुर्चीत बसवणारी?"

दत्तूकाकांनी बोटानं माझ्याकडे दाखवलं. असा मालक नशिबाला येतो.

"मी," मी उभी राहत म्हणाले.

"उठव मला तिथून!"

"हो, लगेच उठवते. दहा मिनिटांचं काम आहे, कॉम्प्युटरवर..."

"कॉम्प्युटरवर?" त्यानं अल्बम उघडून माझ्यापुढे धरला. "अल्बम आल्यापासून मी जेवणाच्या खुर्चीत टेकलो की उठतो. बायको म्हणते, वेड लागलं. आठ दिवसांचा असताना मला ह्या खुर्चीवर ठेवला होता. त्यानंतर मी तिच्याकडे पाठसुद्धा केली नाही. आणि हे बघ, ऐटीत बसलोय! बरं, ही पँट कुणाची?"

"खोत सरांची."

"कोण खोत?"

"मुख्याध्यापक होते. चांगले गृहस्थ आहेत."

हनोखमामानं माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. ओठ हलल्यासारखे वाटले, पण हसला नाही. "माझे पाय मला आहेत," तो म्हणाला. "मला तिथे जाऊन, खुर्चीच्या शेजारी, माझ्या पायांवर उभं राहायचंय. तसा फोटो काढा. आणि हा फाडा."

"आजींकडे जाऊन आलात?" मी विचारलं.

"आधी हे निस्तरू दे. मग तिला बघतो."

"पण सिनेगॉगची किल्ली ज्योएलभाऊंकडे असते," मी ठोकून दिलं. कुणाकडे असते मला काय माहीत! "घरीच जावं लागेल."

मी स्वतः त्याची बॅग ओढत त्याला आळीत घेऊन गेले. जाताना तो बडबडत होता. इथे तेलाचा घाणा होता, इथे नारळ पडून डोकं फुटलं होतं. आळी आली तसा मात्र गप्प झाला. मिल्काबाई पायरीवर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. सूप मांडीवर तसंच राहिलं.

"आलास?" त्या म्हणाल्या.

"नबीच्या खुर्चीत बसवलंस मला, आक्का? धडधाकट जिवंत माणसाला?"

"जेवलास?"

"ते राहू दे! मी काय विचारतोय?"

"लाँच किती वाजता लागली? काही खाल्लंस की नाही? आत ये, बस."

"कुठे बसू?" हनोखमामा म्हणाला. "आता मला बसायचीच भीती वाटते!"

मिल्काबाईंना आधी हसू फुटलं आणि हसता हसता रडू. सूप कलंडलं, वाल पायऱ्यांवरून घरंगळत गेले. हनोखमामा खाली वाकून एकेक दाणा वेचायला लागला, आणि वेचता वेचता तिच्याच पायरीवर, तिच्या शेजारी, कधी बसला ते त्यालाही कळलं नाही. मी बॅग ठेवून पळाले, कारण मला स्वतःला हुंदका आवरत नव्हता.

पुढच्या सोमवारी फोटो परत काढला. दत्तूकाकांनी मलाही बरोबर नेलं. मधली खुर्ची रिकामी, मखमल सारखी केलेली, आणि तिच्या शेजारी ताठ उभा हनोखमामा. "बूट येऊ देत हं," तो दत्तूकाकांना तीनदा म्हणाला. "नखापासून घ्या."

त्याच दुपारी झिराडकरांच्या घरी मलिदा होता. एलियाहू हन्नाबीची प्रार्थना करून पोहे, गूळ, ओलं खोबरं एकत्र करतात, वर फळं मांडतात. एखादं काम तडीला गेलं, नवस फेडायचा असला की करतात. बाहेर पुरुषांची प्रार्थना संपत आली होती. मिल्काबाईंनी मला स्वयंपाकघरात हाक मारली आणि दार पुढे केलं.

"रागावलीस ना माझ्यावर?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हटलं, खोटं कशाला? "हो. तुम्ही मला तोंडघशी पाडलंत आजी. मला तीन आठवडे लोकांचे कान कापायला बसवलं."

"पाडलं," त्या म्हणाल्या. मलिद्याची वाटी भरता भरता वर चार मनुका जास्त टाकल्या आणि माझ्या हातात दिली. "बाय, मला मोतीबिंदू आहे. पण खुर्ची दिसणार नाही इतका नाही."

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"एक प्रूफ घाईत वाचलं आणि भाऊ गेला. दुसरं मी डोळे मिटून वाचेन होय?"

"मग छाप का म्हणालात?"

"मी सांगितलं तसा तू त्याला कडेला उभा केला असतास तर काय झालं असतं? त्यानं फोटो बघितला असता, दोन टिपं गाळली असती आणि अल्बम कपाटात ठेवला असता. रुसलेला माणूस कडेला जन्मभर उभा राहतो. पण नबीच्या खुर्चीत माझा भाऊ चार दिवस काढायचा नाही. मला माहीत ना! सुंतेला त्याला तिथे ठेवलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते, आईच्या पदराला धरून बघत होते. असा किंचाळला होता, असा किंचाळला होता! मी म्हटलं, ह्याला आता कुणी बोलवायची गरज नाही. आपणहून उठायला येईल."

"आणि पाप? तुमच्या नबीचा राग?"

"म्हणून तर तडक टाप्यावर गेले. त्या खडकावर त्याचा रथ टेकला होता असं आमच्यात सांगतात. तिथे उभी राहून त्याला म्हटलं, तुझी खुर्ची मला थोडे दिवस उसनी दे. माणसामाणसांतले तंटे मिटवायला तूच एक दिवस येणार आहेस ना? मग तू येईपर्यंत माझा एक तरी मिटू दे. खुर्ची रिकामी करून परत दिली की मलिदा घालीन." त्यांनी दुसरी वाटी भरायला घेतली. "ज्योएलला सांगू नकोस. मी आहे तोवर तरी नाही."

मी शब्द पाळला. आता त्या नाहीत, म्हणून सांगतेय.

तेवढ्यात बाहेर प्रार्थना संपली आणि ओट्यावरून हनोखमामाचा आवाज आला, "आक्का, माझी वाटी कुठाय? सगळ्यांना मिळाली, मलाच राहिली!"

मिल्काबाई वाटी घेऊन दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याशी थांबल्या.

"आणते रे," त्या ओरडल्या. "अंघोळ झाली का तुझी?"

बाहेर एकदम शांत झालं. ज्योएल बोलायचा थांबला, एझरासुद्धा थांबला. मला वाटलं, म्हातारा परत बॅग उचलतो की काय.

"झाली गं आक्का," हनोखमामा म्हणाला. "झाली एकदाची."